चकाकणारा तळ

कॉम्प्युटर चालू झाला, तर जागोदाच्या पदरात पडणार होती भाऊ रातोमिरच्या बेकरीतून सुटका. यंत्रांचे नकाशे काढायची तिची कारखान्यातली नोकरी गेल्यापासून सहा वर्षं ती तिथे बुरेक, म्हणजे चीज भरलेल्या खारी, तोलत होती, आणि भर गिऱ्हाइकांत रातोमिर तिला "आमच्या इंजिनीअरबाई" अशी हाक मारत होता. आता नोव्ही साद शहरातल्या एका कचेरीने घरबसल्या नकाशे काढायचं काम देऊ केलं होतं; अट एकच, चाचणीचा नकाशा सोमवारी दुपारी बाराच्या आत पोचायला हवा. कॉम्प्युटरचे सुटे भाग जोडून द्यायचे दुकानदाराने चार हजार दिनार सांगितले. जागोदाने ते वाचवले. रविवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर सगळे भाग मांडून बसली, तेव्हा चार हजार म्हणजे काहीच नव्हते असं तिला वाटू लागलं.

समोर सासू, स्तानोय्का. या बाईच्या राज्यात नव्या वस्तूवरचं वेष्टन काढायची रीतच नव्हती. सोफा प्लास्टिकमध्ये, रिमोट प्लास्टिकमध्ये; फ्रिजच्या दारावरची फिल्म तर बावीस वर्षांची.

"आई, टेबल हलवू नका."

"मी कुठे हलवतेय? तुझंच कोपर लागतंय."

खरंच लागत होतं. प्रोसेसर जागेवर बसला होता; बिस्किटाएवढा, आणि टेबलावरच्या सगळ्यांत महाग. त्याच्या डोक्यावर आता कूलर चढवायचा होता, म्हणजे पंखा लावलेला अर्ध्या विटेएवढा धातूचा ठोकळा. नीट टेकला नाही तर प्रोसेसर तापणार, जास्त दाबला तर खालचा बोर्ड तडकणार.

"ती पेस्ट अर्धीच पिळ," स्तानोय्का म्हणाली. "अडीनडीला राहू दे."

जागोदाने उष्णता वरच्या ठोकळ्यात पोचवणारी ती राखाडी पेस्ट वाटाण्याएवढी प्रोसेसरवर ठेवली आणि ट्यूबला टोपण लावलं. ठोकळ्याचा तळ आरशासारखा चकाकत होता.

"कसा लख्ख आहे बघ. बोटं लावू नकोस हो त्याला."

तळाला बोट न लावता जागोदाने ठोकळा पेस्टवर टेकवला. चार स्क्रू होते. एकाला अर्धा आटा, मग तिरक्या कोपऱ्यातल्याला अर्धा. तिसऱ्या फेरीला बोर्ड करकरला. स्तानोय्काने छातीवर क्रॉसची खूण केली.

"मोडलं?"

"माहीत नाही."

"मग आणखी पिळतेस कशाला?"

"सैल राहिलं तर जळेल."

"पिळलं तर मोडेल, सोडलं तर जळेल! माझ्या पोराशी लग्न करतानासुद्धा एवढी घाबरली नव्हतीस."

बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा उजळला, कोपऱ्यात तापमानाचा आकडा आला. बासष्ट. जागोदा हसणार, तोच एकोणऐंशी. मग त्र्याण्णव. आणि खट्. सगळं काळं.

जळका वास आला. जागोदाने आधी प्लग उपटला. वास चुलीवरच्या कांद्याचा निघाला, पण पडदा काळाच राहिला. रातोमिरचा आवाज तिला आत्ताच ऐकू येत होता: या इंजिनीअरबाई, ॲप्रन खुंटीवरच आहे.

स्क्रू सोडून, बरणीचं झाकण फिरवावं तसा तिने ठोकळा हलकेच फिरवला. सरळ ओढला असता तर प्रोसेसरही उपटून आला असता. तळावर पेस्ट फासलेली होती, आणि एका कोपऱ्यात कांद्याच्या पापुद्र्यासारखं काहीतरी सुटलं होतं. तिने नखात धरून ओढलं. सर्रकन आख्खी पारदर्शक फिल्म निघाली; उष्णता तिच्यापाशीच अडली होती.

दोघींची नजर फ्रिजच्या दाराकडे गेली.

"अगं बाई," स्तानोय्का पुटपुटली, "हेही काढायचं असतं?"

नवी पेस्ट आणायला दुकान रविवारचं बंद होतं. पण अर्धी ट्यूब शिल्लक होती. जुनी पेस्ट पुसायला कडक काहीतरी हवं होतं, तेव्हा स्तानोय्काने कपाटातून पहिल्या धारेची प्लमची दारू आणली. ती गुडघ्यांना चोळायची. पिणाऱ्याचे डोळे जातील अशी. पुसायला लागली चमचाभर. उरलेली बाटली जागोदाच्या हातून निसटली आणि फरशीवर फुटली.

पुन्हा चार स्क्रू, पुन्हा ती करकर. या खेपेची भीती दुप्पट, कारण आता ट्यूबही संपली होती, गाठीला काहीच उरलं नव्हतं.

एकेचाळीस. त्रेचाळीस. बेचाळीस. पाव तास दोघी आकड्याकडे बघत राहिल्या.

"आता बोलू का?" स्तानोय्काने विचारलं.

नकाशा सोमवारी सव्वाअकराला पोचला आणि काम मिळालं. सासूच्या जपून ठेवायच्या सवयीने घात केला आणि त्याच सवयीने तारलं. तो हिशेब तिथेच फिटला. राहिली ती बाटली. नवी धार निघणार ती प्लम पिकल्यावर, शरदात; तोवर जिन्याच्या पायरीपायरीला किंमत मोजत होते ते स्तानोय्काचे गुडघे.