बसवंतचा दम

निपाणीकडचा बसवंत बेंगळुरूच्या अग्निशमन दलात लागून अकरा वर्षं झाली होती. चोवीस तासांची पाळी. घंटा वाजली की भरल्या ताटावरून उठायचं, आणि आग विझवून आलं की बंबाच्या पायरीवर बसून सगळ्यांनी बिडी पेटवायची. बसवंतला दिवसाला दोन बंडलं लागत.

बासष्टच्या मार्चात, भर दुपारी, राजाजीनगरात कापसाचं एक गोदाम पेटलं. राखणदार माडीवर अडकला होता. ठाण्यात धुरात घालायचा मुखवटा एकच. तो जोडीदार नागनाथने चढवला. बसवंत तोंडाला ओला पंचा बांधून त्याच्यामागे जिना चढला. राखणदार सापडला; पण त्याला खांद्यावर घेऊन चार पायऱ्या उतरला नाही, तोच बसवंतचा श्वास कोंडला आणि तो मटकन खाली बसला. नागनाथने आधी राखणदाराला बाहेर काढलं, मग परत येऊन याला फरपटत आणलं.

दोघेही वाचले. बसवंत दोन दिवस खोकत होता. त्याहून लाज जास्त छळत होती.

तिसऱ्या दिवशी तो ठाण्याचे अधिकारी शेषगिरी यांच्यापुढे उभा राहिला. तेही घरी मराठीच बोलत.

"साहेब, मला आगीवरून काढून फोनवर बसवू नका. बिडी सोडतो."

"अकरा वर्षांत नाही सुटली ती?"

"प्रयत्नच केला नाही. पण साहेब, रागावू नका, आठ माणसं आगीत जातात. मुखवटा एकच का?"

शेषगिरींनी टेबलाचा खण उघडला. मग त्यांनी कागद पुढे सरकवला. "अर्ज लिही. सगळ्यांच्या सह्या घे. मी स्वतः वर घेऊन जातो."

बिडी सुटणं मात्र अर्जाइतकं सोपं नव्हतं. बायको तानूबाईने त्याच्या खिशात भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी घातली. नवव्या दिवशी तो ठाण्यामागे जाऊन एक ओढून आला आणि घरी येऊन स्वतःच बायकोला सांगून बसला.

"मग उद्या पुन्हा पहिला दिवस," ती म्हणाली आणि शेंगदाणे भाजायला घेतले.

ऑगस्टात चार नवे मुखवटे आले. सरावाला वाळूचं पोतं खांद्यावर टाकून बसवंत ठाण्यातला सरावाचा मनोरा न थांबता चढला.

"अण्णा, स्वल्प थांबा की!" मागून नागनाथ धापा टाकत ओरडला.

"तू ये सावकाश," बसवंत वरून हसत म्हणाला, आणि पोतं घेऊन उतरायला लागला.