मला लावलेल्या पाट्या

माझी बायको इंदूबाई गेली तेव्हा मी रडलो नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहाराच्या मंडपात लोक तिच्याबद्दल बोलले, काहींचा आवाज फाटला, मी मांडी घालून बसून राहिलो. समोर तिचा फोटो होता. फोटोची काच पुसायला हवी, एवढंच मनात आलं.

विहार समितीचे अध्यक्ष बाबाराव यांनी त्या दिवशी माझा हात धरून सर्वांना सांगितलं की धोंडबांनी उपेक्खा साधली. सुखात हुरळायचं नाही, दुःखात कोसळायचं नाही, मन समतोल ठेवायचं, अशी ही आमच्या धम्मातली मोठी गोष्ट. लोक माझ्याकडे आदराने पाहू लागले. पुढच्या पौर्णिमेला मला पुढे बसवून बोलायला लावलं. काय बोललो ते आठवत नाही, पण बायका डोळे पुसत होत्या. मग कुणाकडे मयत झाली की बाबाराव मला घेऊन जात आणि म्हणत, यांच्याकडे पाहा. लोक पाहत. मीही मानलं. शब्द चांगला होता, आणि दुसरा शब्द माझ्यापाशी नव्हता.

अक्षरं मला उशिरा आली. खापरखेड्याच्या वीज केंद्रात कोळशाच्या बेल्टवर मी कंत्राटी कामगार होतो. बेल्ट बिघडला की दुरुस्तीला उतरण्याआधी प्रत्येकाने स्विचला आपल्या नावाची लाल पाटी अडकवायची, म्हणजे कोणी तो चालू करणार नाही, आणि वर आल्यावर आपली आपणच काढायची, असा नियम. माझी पाटी मी रंग उडालेल्या कोपऱ्यावरून ओळखायचो. हे इंदूबाईला कळलं तेव्हा ती घाबरली, चुकून दुसऱ्याची काढली तर? ती विहारातल्या प्रौढ वर्गाला जात होती. तिने मला राखेत बोट फिरवून माझं नाव लिहायला शिकवलं. आमचा मुलगा संघपाल तेव्हा शाळेत जात होता. तेव्हापासून भिंतीवरचं, डब्यावरचं, शेवचिवड्याच्या पुडीवरचं, जे दिसेल ते मी वाचतो. हळू वाचतो.

ती गेल्यावर खापरखेड्याचं घर बंद करून मी सक्करदऱ्याला संघपालकडे आलो. सून प्रीती चष्म्याच्या दुकानात काम करते. वागायला चांगली आहे. माझ्यासाठी भाजी वेगळी, कमी तिखट करते. ती फोनवर मनाच्या आजारांचे व्हिडिओ पाहते आणि त्यातला नवा शब्द घरात आणते. आधी म्हणाली, बाबांना ट्रॉमा आहे. मग म्हणाली, बाबा इमोशनली अव्हेलेबल नाहीत. एकदा माझ्या खोलीत निगेटिव्ह एनर्जी आहे म्हणून खाट खिडकीकडे सरकवली. मी सरकवू दिली. उजेड डोळ्यावर यायचा, पण तसंही मी पहाटेपासून जागाच असायचो.

संघपाल तिला चिडवायचा. "तुह्या फोनमधी साऱ्या बिमाऱ्या आहेत, दवाई एकीची नाही."

"तुमी त डिनायलमधी आहात."

"मी त हॉलमधी आहो. जेवाले वाढ."

मी ते ऐकायचो. हसायची जागा कुठे आहे ते कळायचं, हसू यायचं नाही.

माझ्याकडे एकच काम होतं. दुपारी तलावाजवळच्या वळणावर शाळेची व्हॅन यायची, तिथून नात रितिकाला घरी आणायचं. पहिलीत आहे. वाटेत ती बोलायची, मी तिचं दप्तर धरायचो. एका दुपारी ती माझ्यापुढे पळाली आणि रस्त्याच्या खडीवर पडली. गुडघा फुटला. रक्त आलं, ती मोठ्याने रडत माझ्याकडे पाहत होती. मी उभा होतो. दप्तर हातात होतं. ती पडली हे मला दिसत होतं, जसं समोरच्या दुकानाचं नाव दिसत होतं. भाजीवालीने टोपली खाली ठेवून तिला उचललं, पदराने रक्त पुसलं. मला ती काहीतरी बोलली. बरोबरच बोलली असणार.

घरी रितिकाने आईला सांगितलं, "आबाजी नुसते पाहत होते."

प्रीतीने जखम धुतली, पट्टी बांधली आणि संध्याकाळी माझ्यासमोर खुर्ची घेऊन बसली. आवाज चढवला नाही. म्हणाली की पोरीसाठी हे टॉक्सिक आहे, तिला बाउंड्री ठेवावी लागेल. सोमवारपासून रितिका शाळेतून मनीषनगरला प्रीतीच्या आईकडे जाईल. मी बरं म्हटलं. संघपाल मान खाली घालून बसला होता.

नात जाणार म्हटल्यावर काही तरी व्हायला हवं होतं. छातीत, पोटात, कुठेही. मी वाट पाहिली. काही झालं नाही. इंदूबाईच्या वेळी लोक म्हणाले तेव्हा ते मोठेपण वाटलं होतं. आता ही पोर रस्त्यावर रडत होती आणि मी तसाच होतो. ज्याला उपेक्खा साधली तो पोरीला उचलणार नाही का? एवढा प्रश्न मात्र मनात राहिला.

दुसऱ्या दिवशी बीपीच्या गोळ्या आणायला सरकारी दवाखान्यात गेलो. रांग मोठी होती. भिंतीवर एक पोस्टर होतं, खालचा कोपरा सुटलेला. सवयीने वाचायला लागलो. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप लागत नाही का? जेवणाला चव लागत नाही का? पूर्वी आवडायचं त्यात मन लागत नाही का? जगून काय करायचं असं वाटतं का? असेल तर डॉक्टरांना सांगा. हा आजार आहे, उपचार होतो. त्यात प्रीतीच्या फोनमधला एकही शब्द नव्हता, विहारातलाही नव्हता. झोप, जेवण, मन. रांग पुढे सरकली, मागच्याने मला ढकललं. मी गोळ्या घेतल्या आणि घरी आलो. कुणाला काही बोललो नाही.

रविवारी खापरखेड्याहून बाबाराव आले. पौर्णिमा जवळ आली होती. तिथल्या कॉलनीतल्या एका बाईचा तरुण मुलगा गेला होता, तिच्यापुढे मी बोलावं असं त्यांना वाटत होतं. प्रीतीने चहा दिला आणि रितिकाचं पडणं सांगितलं. बाबारावांनी शांतपणे ऐकलं. ते म्हणाले की पोरीची जखम भरेल, पण असं अढळ मन सगळ्यांना लाभत नाही. प्रीती म्हणाली की हे अढळ मन नाही, ही ट्रॉमातून आलेली टॉक्सिक वागणूक आहे. बाबाराव म्हणाले की आजकालच्या पोरींना फोन धम्म शिकवतो. ती म्हणाली की फोन निदान ऐकून तरी घेतो. दोघेही माझ्याबद्दल बोलत होते आणि मी त्यांच्या मधोमध खुर्चीवर होतो.

मला स्विचवरच्या पाट्या आठवल्या. कधी एका स्विचला दोन-तीन जणांच्या पाट्या लटकायच्या. पाटी पाहून एवढंच कळतं की चालू करू नका. बेल्ट कुठे फाटला ते खाली उतरून पाहावं लागतं. आणि माझ्यावर या पाट्या दुसऱ्यांनी अडकवल्या होत्या. खाली कोणी उतरलं नव्हतं. मीही नाही.

"मले पौर्णिमेले येता येणार नाही," मी म्हणालो.

बाबारावांनी कप खाली ठेवला. "काहून गा?"

"मी त्या बाईले काय सांगू? मले झोप लागत नाही. जेवण मातीवानी लागते. इंदूचा चेहरा आठवते, पण काही होत नाही. पोरगी पडली तईही काही झालं नाही. रोज वाटते, सकाळी उठलो नाही त बरं."

शेवटचं वाक्य बोलायचं ठरवलं नव्हतं. पण पोस्टरवर ते होतं, मग सांगून टाकलं.

प्रीतीच्या हातात फोन होता. तिने तो पालथा ठेवला. मग तिने पहिल्यांदा मला विचारलं.

"कधीपासून, बाबा?"

"इंदू गेली तईपासून."

संघपाल उठून माझ्या मागे येऊन उभा राहिला. खुर्चीची पाठ त्याने धरली होती. निघताना चपला घालता घालता बाबारावांनी मला हळूच विचारलं की झोप लागत नसेल तर कुठे दाखवायचं. मी दवाखान्याचं नाव सांगितलं. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली, हे मला तेव्हा आठवलं.

प्रीती मला त्याच दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी पोस्टरवरचंच विचारलं, आणखीही विचारलं, जीव द्यायचा विचार येतो का हेही सरळ विचारलं. ठरवून नाही, पण जगायची ओढ नाही, असं मी म्हणालो. त्यांनी लिहून घेतलं. रक्त तपासायला सांगितलं. माणूस गेल्याचं दुःख वेगळं आणि हा आजार वेगळा, कधी दोन्ही एकत्र असतात, म्हणाल्या. गोळीचा गुण यायला काही आठवडे लागतील, मधेच सोडू नका, बोलायलाही येत जा, आणि तोवर घरच्यांनी यांना एकटं ठेवू नये, असंही सांगितलं. प्रीतीने विचारलं की मग हा ट्रॉमा नाही का. त्या म्हणाल्या, "शब्दाची घाई काहून? आधी त्यांना झोपू द्या."

रितिका मनीषनगरला गेली नाही. आता व्हॅनच्या वळणावर प्रीती दुकानातून तासभर सुट्टी काढून माझ्यासोबत येते. गोळ्या सुरू आहेत. फरक पडला असं मला म्हणता येत नाही. पहाटे जाग येते, खिडकीतून उजेड येतो, मी पडून राहतो.

काल वाटेत रितिकाने फ्रॉक वर करून गुडघा दाखवला. खपली धरली होती, कडेने सुटत आली होती.

"आता दुखत नाही, आबाजी. हात लावून पाहा."

मी वाकलो आणि बोट लावलं. खरखरीत लागलं.