धुण्याच्या दगडाखाली

"दगड काढावा लागंल का?" मी विचारलं.

"नको काका, मशीन वरूनच बघतं," निकिता मॅडम म्हणाल्या.

त्यांचं मशीन बाबागाडीसारखं होतं. तीन दिवस टीव्हीवाले केडगावच्या शेतांतून ते ढकलत होते. जुन्या काळी सुलतानाच्या बागेला जमिनीखालून खापरी नळाने पाणी जायचं. त्यातला एक नळ मध्येच कुठे गेला, ते त्यांना शोधायचं होतं. नकाशात तो गहिनीनाथच्या डाळिंबातून जात होता. तिथे काही निघालं नाही. मग मीच त्यांना आमच्या घरी घेऊन आलो, मोरीमागच्या धुण्याच्या दगडापाशी.

शेजारी म्हणून गहिनीनाथही मागोमाग आला. "आबा, टीव्हीत यायची लई हौस दिसती."

"माझं न्हाई, मुक्ताचं काम हाय," मी म्हणालो.

मुक्ता माझी बायको. तिला जाऊन पोळ्याला वर्ष झालं. लग्न होऊन आली त्याच वर्षी तिने मला सांगितलं होतं, "अवो, या दगडाखाली पानी वाजतं. धुनं थांबवलं की ऐकू येतं."

पुढे बोअर घ्यायचं ठरलं तेव्हा मी पाणाड्या आणला. तो पायाळू होता, म्हणजे पायाकडून जन्मलेला, आणि अशा माणसाला जमिनीतलं पाणी कळतं असं आमच्याकडे सगळेच मानतात. तळहातावर नारळ घेऊन तो रानभर फिरला आणि लिंबाखाली नारळ उभा राहिला. मुक्ता म्हणाली, "दगडापाशी बघा की एकदा." पाणाड्या हसला. "वैनी, तुमी पायाळू हाय का?" चार माणसांत त्याच्याबरोबर मीही हसलो. बोअर तीनशे फूट कोरडं गेलं.

मी मोटारी दुरुस्त करतो. चालू मोटारीला स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून मुठीला कान लावला की बेअरिंग गेलंय का ते मला कळतं. लांबलांबचे लोक माझ्या कानावर भरवसा ठेवतात. मुक्ता कितीदा म्हणाली, "तुमचा कान एकदा हितं लावा." मी लावला नाही.

रविवारी संध्याकाळी आम्ही असले कार्यक्रम जोडीने बघायचो. एकदा जुन्या थडग्यातला दात तपासून, तो माणूस लहानपणी कुठलं पाणी प्यायला होता ते शास्त्रज्ञांनी सांगितलं. मुक्ता शेंगा फोडत म्हणाली, "मेल्यावर दाताचंबी ऐकत्यात. जित्या मानसाचं कुनी ऐकत न्हाई." तेव्हाही मी हसलोच होतो.

मॅडमनी मशीन दगडाच्या चारी बाजूंनी फिरवलं. पडद्यावर राखाडी रेघा उमटल्या आणि मधोमध एक कमान दिसली.

"काका, पोकळी आहे. सहा फुटांवर. हा नळच आहे."

"आन पानी?"

"ते खोदल्याशिवाय खात्रीने नाही सांगता येणार. बहुतेक कोरडा असेल."

कॅमेऱ्यापुढे त्यांनी मला विचारलं, तुम्हाला कसं कळलं? मी म्हणालो, "मला न्हाई कळलं. आमच्या मंडळीला कळलं. मुक्ताबाई."

चार महिन्यांनी कार्यक्रम लागला. गहिनीनाथ बघायला आमच्याकडेच आला. काँप्युटरने बाग केली होती, कारंजी केली होती, नळातून निळं पाणी पळत होतं. "एका गावकऱ्याच्या सांगण्यावरून," एवढं निवेदक म्हणाला. मी दोन सेकंद दिसलो, पाठमोरा.

"आबा, पाठ मात्र झ्याक आली," गहिनीनाथ म्हणाला.

"दगड आला ना नीट," मी म्हणालो. चहा केला. दोघांनी घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाईट गेलेली होती. आसपासच्या सगळ्या मोटारी बंद होत्या. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन मोरीमागे गेलो, टोक दगडावर टेकवलं आणि गुडघ्यावर बसून मुठीला कान लावला. आधी माझाच श्वास ऐकू आला. तो धरून ठेवला. मग खालून, लांबून, एक थेंब पडला. बऱ्याच वेळाने दुसरा.

उठलो तेव्हा गुडघे ओले झाले होते. बादली भरून आणली, अंगातला सदरा काढला आणि त्याच दगडावर धुवायला बसलो. मधूनमधून हात थांबवत होतो.