दोन महिन्यांची सजा

केवलराम बारा वर्षं दुलीचंद शेठची लॉरी चालवत होता. चिचगडच्या जंगलातून बांबू आणि सागाच्या बल्ल्या, म्हणजे लांब वासे, भरायच्या आणि देवरी, आमगाव करत गोंदियाच्या स्टेशनवर उतरवायच्या, हा त्याचा रोजचा धंदा. महायुद्धाच्या लढाईमुळे पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा शेठनं गाडीच्या मागे कोळशाची भट्टी बसवून घेतली. कोळशाच्या गॅसवर गाडी चालायची, पण खोकत. उभी केली की गॅस बसायचा आणि पुन्हा सुरू करायला अर्धा तास पंखा फिरवावा लागायचा. भट्टीत कोळसा टाकायला बकाराम नावाचा म्हातारा हमाल मागे बसत असे. माल लादणं आणि दोर आवळणंही त्याचंच काम होतं.

बांबू खड्ड्यांतून हादरत आला की दबतो आणि दोर सैल पडतो. म्हणून केवलराम देवरीला थांबून दोर पुन्हा आवळून घ्यायचा. एका वर्षी कार्तिकात मात्र तो थांबला नाही. त्या दिवशी भट्टी सकाळपासून रुसली होती आणि नुकतीच कुठं नीट पेटली होती.

"केवलराम भाऊ, दोर ढिला दिसून रायला," बकाराम मागून ओरडला.

केवलरामनं मान बाहेर काढून पाहिलं. दोर ढिला होता, ते त्याला दिसलं.

"राहू दे. आमगावले पाहू," तो म्हणाला.

आमगावच्या अलीकडे रस्ता एका नाल्यापाशी वळतो. तिथं गाडी कलली आणि वरची एक बल्ली सुटून रस्त्याच्या कडेला गेली. कडेनं एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालली होती. केवलरामनं आरशात तो भारा खाली पडताना पाहिला, आणि बाई दिसेनाशी झाली.

तो उडी मारून धावला. बाई नाल्याच्या उतारावर बसली होती, उजवा हात डाव्या हातानं धरून. हात कोपराखाली भलत्याच ठिकाणी वाकला होता. तिचं नाव सुशीलाबाई. वय पन्नाशीचं, नवरा वारलेला, जवळच्याच टोल्यावर, म्हणजे लहानशा वस्तीवर, एकटी राहायची. केवलरामनं आपला दुपट्टा फाडून हात बांधला, तिला पुढं आपल्या शेजारी बसवलं आणि गाडी थेट गोंदियाच्या दवाखान्यात नेली. वाटभर ती कण्हलीसुद्धा नाही. गोंदिया दिसायला लागलं तेव्हा एकदाच बोलली.

"माहा धान उभा हाय ना रे."

दवाखान्यातून केवलराम स्वतःच पोलीस ठाण्यात गेला. हवालदारानं त्याला समोर बसवलं आणि कायदा समजावून सांगितला. नवा मोटार कायदा होऊन पाचेक वर्षं झाली होती. गाडीवरचा माल हलणार नाही, बाहेर लोंबणार नाही, रस्त्यावर पडणार नाही असा बांधायचा, आणि ते पाहण्याची जबाबदारी गाडी चालवणाऱ्याची. चुकला तर दंड, नाहीतर कैद, वर परवान्यावर शेरा.

सुनावणीच्या आदल्या दिवशी दुलीचंद शेठनं त्याला गादीवर बोलावलं. शेठ वाईट माणूस नव्हता. त्याला ड्रायव्हर हातचा जाऊ द्यायचा नव्हता, इतकंच.

"देख केवलराम, वकील साहब से बात हो गई है. तू इतनाच बोल की देवरी में दोर देखा था, बराबर था. फिर गांठ ढीली निकली तो गलती बांधनेवाले की."

"बकारामची?"

"बूढ़ा आदमी है. उसको कौन सजा देगा? डांट के छोड़ देंगे."

"आणि त्याचं काम?"

शेठनं हिशेबाची वही पुढं ओढली. बकारामच्या घरी बायको अंथरुणाला खिळलेली होती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेटनं विचारलं, "दोर ढिला आहे हे तुला माहीत होतं का?"

वकिलानं हळूच मान हलवून 'नाही' सुचवलं. 

"माहीत होतं, साहेब. हमालानं सांगितलं होतं. मीच म्हणालो, राहू दे."

 मॅजिस्ट्रेटनी लिहायला घेतलं. दंड, आणि दोन महिने परवाना जप्त. खरं बोललास म्हणून कैद नाही, असं ते म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात बकारामनं त्याचा हात धरला.

गोंदियातल्या आपल्या घरी आल्यावर केवलराम तीन दिवस ओट्यावर बसून होता. बायको पुष्पाबाई येताजाता त्याच्याकडे पाहत होती. चौथ्या दिवशी तिनं सूप खाली ठेवलं.

"दोन महिने असेच बिड्या फुकत बसता का?"

"मंग काय करू? गाडी तं नाई."

"गाडी नाई, पण हात तं हायेत ना? ते बाई एका हातानं काय करत असंन, हे एक डाव तं पाहा जाऊन."

तो दुसऱ्या दिवशी पहाटे निघाला, रेल्वेनं आमगावपर्यंत आणि पुढं पायी. टोल्यावर विचारत तो सुशीलाबाईच्या शेतावर पोचला. चार बांध्यांचं, म्हणजे बांध घातलेल्या चार तुकड्यांचं लहानसं शेत. धान पिकून पिवळा झाला होता, काही ठिकाणी आडवा पडला होता. सुशीलाबाई धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसून डाव्या हातानं कापत होती. एक मूठ कापायची, खाली ठेवायची, पुन्हा विळा घ्यायचा. सकाळपासून कापलेलं सगळं मिळून एक पेंढीही भरली नसती. उजवा हात पट्ट्यांत गळ्याशी बांधला होता.

तिनं त्याला ओळखलं.

"कायले आला?"

"धान कापाले."

"मजुरी द्याले माह्याजवळ नाई."

"मजुरी नाई मांगत."

"मंग जा. कोणाची दया नाई पायजे मले."

केवलराम गेला नाही. धुऱ्यावर उभा राहून त्यानं टोपी काढली आणि हातात चुरगाळली.

"बाई, साहेबानं सजा देली, ते माल नीट बांधला नाई म्हणून. तुमच्या हाताची सजा मले कोणंच देली नाई. रात्री झोप नाई येत."

 धानावर पाखरांचा थवा उतरला, सुशीलाबाईनं ढेकूळ फेकून तो उठवला. मग तिनं त्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"धान कापाले आला, अन् इळा कुठी हाय?"

तो खरंच आणायचा विसरला होता. तिनं आपला विळा मुठीकडून पुढं केला.

बारा वर्षांत त्यानं शेतीचं अवजार हाती धरलं नव्हतं. दुपारपर्यंत दोन बोटं कापली आणि कंबर सरळ होईना. सुशीलाबाई मागं मागं चालत त्याच्या चुका काढत होती. "बुडातून काप ना! अर्धा तणीस वावरातच ठेवतं का?" संध्याकाळी त्यानं कापून आडव्या ठेवलेल्या मुठींच्या, म्हणजे कडपांच्या, रांगेकडे तिनं पाहिलं. रांग नागमोडी गेली होती. ती अचानक हसली, दुखरा हात छातीशी धरून.

"मोटार बी अशीच चालवतं का रे?"

केवलराम दचकला. मग त्यालाही हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. तिनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. "पेज ठेवली हाय घरी. पिऊन जाय," ती म्हणाली.

तो टोल्यावरच राहू लागला, पाटलाच्या गुरांच्या कोठ्यात. आठवड्यानं पुष्पाबाईही आली. येताच तिचं लक्ष गेलं ते सुशीलाबाईच्या केसांकडे. महिनाभर फणी लागली नव्हती, गुंता होऊन त्यांचा गोळा झाला होता. टोल्यावरच्या बाया पाणी भरून द्यायच्या, लाकडं आणून द्यायच्या, पण केस विंचरून दे, असं सुशीलाबाईनं कोणाला म्हटलं नव्हतं. पुष्पाबाईनं काही न विचारता तेल कोमट केलं, तिला दारात बसवलं आणि एकेक बट सोडवायला घेतली.

"दुखते का?"

"नाई. माही माय अशीच इचरे," सुशीलाबाई म्हणाली आणि डोळे मिटून बसली. बाहेर केवलराम भारे वाहत होता. त्यानं दारातून हे पाहिलं आणि पाऊल न वाजवता मागच्या मागं वळला.

पौष लागेपर्यंत धान कापून, बांधून भाऱ्यांची पुंजणं, म्हणजे गंज्या, रचून झालं. मग मळणी आली. शेजाऱ्याची बैलजोडी मागून आणली. केवलराम बैलांमागं फिरायचा, पुष्पाबाई तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, उलटवायची. सुशीलाबाईच्या हाताच्या पट्ट्या सुटल्या होत्या. हात जुळला, पण किंचित वाकडा राहिला. डॉक्टर म्हणाले, एवढं चालायचंच. ती सुपानं हळूहळू धान उधळायला शिकत होती, आणि हात थकला की पुष्पाबाई न बोलता सूप घ्यायची.

मळणी अर्ध्यावर असताना बकाराम निरोप घेऊन आला. दोन महिने भरले होते. परवाना उद्या मिळणार होता, आणि शेठनं तातडीनं बोलावलं होतं, स्टेशनवर मालगाडीच्या वाघिणी येऊन उभ्या होत्या.

"जाय तू," सुशीलाबाई म्हणाली. "पोटाचा धंदा हाय तुहा. राहिलं ते मी पाहीन."

केवलरामनं खळ्याकडे पाहिलं. अजून दोन दिवसांचं काम होतं.

"बकाराम दादा, शेठले सांग, परसू येतो."

"शेठ दुसरा ड्रायव्हर लावंन, भाऊ."

"लावू दे."

 बकारामनं धोतर खोचलं आणि बैलांची दोरी आपल्या हातात घेतली. "मंग मी बी परसूच जातो," तो म्हणाला.

चौघांनी मिळून दोन दिवसांचं काम दीड दिवसात उरकलं. धान घरात आला. निघताना केवलराम पाया पडायला वाकला, तर सुशीलाबाईनं त्याला वरच्या वर धरलं, दोन्ही हातांनी. उजव्या हाताची पकड कच्ची होती, तरी तिनं ती सोडली नाही.

"मले भाऊ नोहता," ती म्हणाली. "दिवाळीले येजो. पुष्पाले घेऊन येजो."

शेठनं दुसरा ड्रायव्हर लावला नव्हता. तोंडानं पुष्कळ बोलला आणि किल्ली केवलरामच्या हातावर ठेवली. पुढच्या दिवाळीत भाऊबीजेला नवराबायको दोघंही टोल्यावर गेली. पुष्पाबाईनं नणंदेसाठी हिरवं लुगडं घेतलं होतं.