उंबऱ्यावरची खूण

लायडनच्या एका अरुंद बोळात विदरली हाऊस नावाचं घर आहे आणि ते अमेरिकन आहे. म्हणजे विटा डच, ओकचं लाकूड कुठल्याशा जर्मन जंगलातलं, बोळाला वास मासळीचा. पण घर अमेरिकन. चारशे वर्षांपूर्वी धर्मापायी इंग्लंड सोडून आलेलं विदरली नावाचं एक विणकर कुटुंब इथे काही वर्षं भाड्याने राहिलं आणि मग जहाजात बसून अमेरिकेला गेलं. तिकडे त्यांच्या वंशाला एवढा बहर आला, की पुढे वंशजांनी एक ट्रस्टच काढला. नातू जन्मला ते घर, पणतू वारला ते घर, कुणी एक सेनापती एक रात्र झोपून सकाळी गादीबद्दल कुरकुरला ते घर, अशी सगळी घरं ट्रस्टने जपली. प्रत्येकाला पितळी पाटी, पलंगाभोवती दोरी आणि दाराशी तिकीट. शेवटी लक्षात आलं, की आपलं पहिलं घर समुद्रापलीकडेच राहिलंय. मग तेही घेतलं.

या घरात नीरजा गाईड होती.

पुण्याहून एम. ए. इतिहास करून ती जयेशच्या पाठोपाठ नेदरलँड्सला आली, तेव्हा तिच्या निवास परवान्याचा अर्थ थोडक्यात ‘जयेशची बायको’ एवढाच होता. जयेश सायन्स पार्कमध्ये पेशींशी बोलत असे आणि घरी आल्यावर फारसा कुणाशी बोलत नसे. नीरजाने डच शिकायला घेतलं, मुलीला, जुईला, सायकलवर मागे बसवून शाळेत पोचवलं, आणि कितीतरी अर्जांनंतर तिला विदरली हाऊस मिळालं. आधी शनिवार-रविवार, मग सगळे दिवस. आता डिसेंबरात तिला कायम करायचं की नाही, ते ठरायचं होतं. या देशात तिचं म्हणावं असं हे एकच दार होतं. तेही दुसऱ्याच्या घराचं. पण किल्ली तिच्या पर्समध्ये होती.

डचमधलं तिला न अडखळता येणारं पहिलं वाक्य होतं, “नीट आनकोमेन.” हात लावू नका. दिवसातून किती वेळा म्हणावं लागे, त्याला गणती नव्हती.

सप्टेंबरात सासूबाई आल्या. सुमतीबाई मूळच्या नाशिकच्या, पर्समध्ये हळदीकुंकवाचा छोटा करंडा बाळगणाऱ्या आणि जगात कुठेही घरच्यासारख्या वागणाऱ्या. दसऱ्याला जयेशला सुट्टी नव्हती, जुई शाळेत, म्हणून नीरजा त्यांना सोबत घेऊन आली.

“घर कुणाचं गं हे?”

“अमेरिकनांचं, आई.”

“राहतं कोण?”

“कुणीच नाही.”

“मग एवढं पुसता कशाला?”

या प्रश्नाचं उत्तर ट्रस्टकडेही नसावं. तेवढ्यात ओहायोचे आठजण आले आणि नीरजा त्यांना घेऊन वरच्या मजल्यावर गेली. सुमतीबाईंना तिने बाकावर बसवलं आणि जगातल्या सगळ्या भाषांत सांगतात तसं सांगितलं, “आई, हात नका लावू हं कशाला.”

खाली आली तर उंबऱ्याच्या दोन्ही टोकांना हळदीकुंकवाची ठसठशीत बोटं उमटलेली.

“हात कुठे लावला? बोट लावलं,” सुमतीबाई म्हणाल्या. “सणाचा दिवस, आणि उंबरा कोरडा? माणसं नाहीत म्हणून काय घराला दसरा नाही?”

ओहायोच्या मंडळींनी त्या खुणेवर बूट ठेवून रस्ता धरला. येणारे सगळेच पायरी असल्यासारखा उंबऱ्यावर पाय देत. नीरजा मात्र पहिल्या दिवसापासून तो ओलांडूनच जात असे.

ती मागच्या मोरीकडे धावली. ओलं फडकं आणलं. कुंकू बरंचसं निघालं, हळद लाकडात उतरली. मग तिने ते केलं, जे पुण्यात सातवीतल्या मुलीनेही केलं नसतं: साबण लावला. साबण लागल्याबरोबर हळद लालभडक झाली आणि जुन्या ओकच्या रेषारेषांतून अशी पसरली, की विदरलींनीच गोंदवून घेतली असावी.

ती कुणाला काही बोलली नाही. हळदीला ऊन दाखवलं की ती उडते, एवढ्या एका भरवशावर ती राहिली. पण त्या बोळात ऊन जूनमध्ये येतं आणि तेही आल्यासारखं करून जातं.

नोव्हेंबरात युट्रेख्टहून लाकडाचे एक जाणकार नेहमीच्या तपासणीला आले. ते उंबऱ्याशी गुडघ्यावर बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. नीरजाला वाटलं, कंबर धरली. उठले तेव्हा डोळे पाणावले होते. त्यांनी सांगितलं: ही रक्षणाची खूण आहे. अनिष्ट बाहेर राहावं म्हणून गृहिणीने स्वतःच्या बोटांनी उंबऱ्यावर काढलेली. यातला एकही शब्द चुकीचा नव्हता. फक्त ती गृहिणी चारशे वर्षं उशिरा आली होती आणि या क्षणी नीरजाच्या सोफ्यावर बसून शेंगदाणे सोलत होती.

बातमी अमेरिकेला गेली. ट्रस्टच्या अध्यक्ष मिसेस विदरली, सध्याच्या विदरलींमधल्या सगळ्यात थोरल्या, थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारी स्वतः येऊन पितळी पाटी लावणार असं ठरलं. उंबऱ्याभोवती दोरी आली. ‘नीट आनकोमेन’ची एक खास पाटी आली.

नीरजाची झोप गेली. चहात मीठ पडू लागलं.

“तू काहीच बोलू नकोस,” जयेश भांडी लावता लावता म्हणाला. “कुणाचं नुकसान होतंय का? ते खूश, तू कायम.”

“अरे, मी रोज लोकांना खरं सांगते म्हणून मला ठेवलंय तिथे.”

“सेनापतीची गादी खरी आहे का?”

“गादी अमेरिकेतली आहे. माझ्याकडे नाही ती.”

“आई जन्मात एकदा इकडे आलीय, नीरजा. तिचं नाव पेपरात आणायचंय का तुला?”

जुईने हेडफोन काढून इंग्रजीत विचारलं, “आजीने केलं हे सांगायला एवढं काय?” आणि हेडफोन परत लावला. बाहेर हॉलमध्ये सुमतीबाई आपल्याला काही कळत नाही असं दाखवत टीव्हीचा आवाज कमी करत होत्या.

दुसऱ्या दिवशी नीरजा हिय्या करून संचालक मारलेसबाईंच्या खोलीत गेली. मारलेस सरळ बोलणाऱ्या, सरळ बघणाऱ्या. “मला त्या खुणेबद्दल काहीतरी सांगायचंय,” नीरजा म्हणाली.

मारलेसने पेन खाली ठेवलं. “गुरुवारच्या आधी मला कळायलाच हवं असं आहे का ते?”

ती एक संधी होती. नीरजाच्या तोंडून निघालं, “नाही. नंतर चालेल.”

“छान,” मारलेस म्हणाल्या आणि पेन उचललं. त्यांना काहीच कळलं नव्हतं, की सगळं कळलं होतं, ते नीरजाला शेवटपर्यंत उमगलं नाही.

गुरुवार उजाडला. योगायोग असा, की तो मार्गशीर्षातला पहिला गुरुवार निघाला. सुमतीबाईंनी उपास धरला, घट मांडला, आणि म्हणाल्या, “मी येणार. तुझा कार्यक्रम आणि मी घरी बसू?”

जयेशनेही सुट्टी टाकली. बोळात छत्र्या, कोट, अधूनमधून भुरभुर. मिसेस विदरली ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, हातमोजे घातलेल्या. त्या दोरीपाशी थांबल्या, खाली वाकल्या आणि त्या लालसर डागाकडे पाहत हळूच म्हणाल्या, “हॅलो, आजी.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. नीरजानेही वाजवल्या.

भाषणं झाली, पाटीवरचा रुमाल निघाला. मग मिसेस विदरली साडी नेसलेल्या सुमतीबाईंकडे वळल्या आणि हसून नमस्कार केला. सुमतीबाईंना दुसरं काय सुचणार? बाई दारात उभी, वार गुरुवार, घर तिच्याच घराण्याचं. त्यांनी करंडा काढला. जयेश “आई!” म्हणेपर्यंत मिसेस विदरलींच्या कपाळावर हळद आणि कुंकू शेजारी शेजारी बसलं होतं.

लोकांनी फोन वर केले. मिसेस विदरलींनी कपाळाला बोट लावून पाहिलं. बोट पिवळं. मग त्यांनी खाली पाहिलं. ओकच्या भेगेत, जिथे साबण पोचला नव्हता, तिथे तोच पिवळा रंग होता.

“हे आणि ते एकच आहे का?” त्यांनी नीरजाला विचारलं.

मारलेसने मान अगदी किंचित हलवली. नको. जयेश स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

“काय म्हणतेय गं ती?” सुमतीबाईंनी विचारलं.

“विचारतायत, उंबऱ्यावरचं आणि हे एकच का.”

“मग सांग की! त्यात अडखळायचं काय?”

नीरजाने पर्समधली किल्ली मुठीत धरली. “हो,” ती इंग्रजीत म्हणाली. “हळद आहे. दसऱ्याला यांनी लावली. साबण मी लावला. तेव्हाच सांगायला हवं होतं.”

कुणीतरी फोन खाली घेतला. युट्रेख्टचे जाणकार छत्री उघडून तिच्या आत गेले.

मिसेस विदरलींचा चेहरा कोरा, कपाळ रंगीत. त्यांनी एवढंच विचारलं, “हे निघतं का?”

“साबणाने लाल होतं. उन्हात ठेवलं की जातं.”

दोघींनी आपसूक वर आभाळाकडे पाहिलं. तिथे ऊन मिळण्यासारखं नव्हतं. मिसेस विदरली गाडीत जाऊन बसल्या. कपाळ त्यांनी पुसलं की नाही, काळ्या काचेतून दिसलं नाही.

पाटीचे स्क्रू काढून झाल्यावर मारलेस म्हणाल्या, “सोमवारी नऊला ये. किल्ली घेऊन ये.” आवाजात राग नव्हता. राग असता तर भांडता तरी आलं असतं.

सगळे गेल्यावर नीरजाने नेहमीसारखे दिवे मालवले. सुमतीबाई दारात छत्री मिटून उभ्या होत्या.

“तुझी नोकरी गेली का गं?”

“माहीत नाही, आई.”

“माझ्यामुळे?”

नीरजाने थोडा विचार केला. “बोट तुमचं, साबण माझा.”

सुमतीबाईंनी पर्समधून रुमाल काढला, त्याचं एक टोक पावसात भिजवलं आणि त्या कष्टाने उंबऱ्याकडे वाकल्या. “थांब, मीच पुसून टाकते. एवढ्याशा डागापायी...”

नीरजाने त्यांचा हात वरच्यावर धरला.

“राहू द्या, आई. नीट आनकोमेन.”

आणि सासूला धरून, डागाला पाय न लावता, तिने उंबरा ओलांडला. कुलपात किल्ली फिरवली. सोमवारपर्यंत ती तिचीच होती.