वसंतपंचमीचा वायदा

मार्तंडनं दिनकररावांचं कर्ज फेडलं, त्या दिवसापासून त्याची झोप उडाली.

परभणीच्या पाटबंधारे कचेरीत तो लिपिक होता. वडिलांच्या आजारपणात त्यानं नानलपेठेतल्या दिनकररावांकडून शेकडा तीन रुपये महिना व्याजानं पैसे उचलले होते. दर महिन्याला पगारातून तो जे द्यायचा, ते व्याजातच जायचं आणि मुद्दल जागेवर राहायचं. तेव्हा त्याला एक वाट सुचली. कुणाकडून तरी हातउसने, बिनव्याजी पैसे घ्यायचे, दिनकररावांना एकदाच मोकळं करायचं आणि मग कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेचं कर्ज काढून उसने परत करायचे. पतसंस्थेचं व्याज थोडं आणि हप्ता पगारातून परस्पर कापला जाई.

कचेरीतल्या सितारामनं पैसे दिले. दोन महिन्यांत त्याच्या प्लॉटची रजिस्ट्री निघाली आणि त्याला ते परत हवे झाले. पतसंस्थेची मंजुरी अजून आली नव्हती. म्हणून मार्तंड पिंगळीला थोरल्या बहिणीकडे, दगडाबाईकडे गेला आणि तिथून आणून सितारामला दिले. कर्ज तेवढंच होतं. फक्त ते आता दगडाबाईच्या घरातल्या पेटीत जाऊन बसलं होतं.

त्या पेटीत दाजींनी, म्हणजे बन्सीधररावांनी, कापूस विकून आलेले सोळा हजार रुपये ठेवले होते. पंचफुलाच्या, म्हणजे दगडाबाईच्या मुलीच्या, लग्नाच्या सोन्यासाठी. घरातला पैसाअडका दगडाबाईच्याच हाती असे. नवरा विचारत नसे, तीही सांगत नसे. पैसे देताना ती एवढंच म्हणाली होती, "वसंतपंचमीला सराफाकडं जायचंय. त्याच्या आत आन. ह्यान्ला म्हाईत न्हाई."

दिनकरराव निदान व्याज मागायचे. व्याज दिलं की महिनाभर शांत बसायचे. अक्कानं काहीच मागितलं नव्हतं, आणि मार्तंडला भीती वाटत होती ती त्याचीच.

त्या जानेवारीत मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं. चौकाचौकात पोलीस होते, त्यात पतसंस्थेची सभा एकदा पुढे गेली. अखेर कर्ज मंजूर झाल्याचा निरोप आला. मार्तंड चेक घ्यायला गेला तेव्हा सचिव उद्धवरावांनी त्याला आत बोलावून खुर्ची दिली. पतसंस्थेत खुर्ची मिळाली की काम झालेलं नसतं, हे कचेरीत सगळ्यांना माहीत होतं.

भुजंगचे हप्ते थकले होते. भुजंग त्याच्याच कचेरीतला. बिनपगारी रजा टाकून तो कुठं गेला ते कुणाला ठाऊक नव्हतं. मार्तंड त्याला जामीन होता. तसे त्या कचेरीत सगळेच एकमेकांना जामीन होते. चहा पिता पिता कागद पुढे यायचा आणि सही व्हायची. आज मी तुला, उद्या तू मला. कागद वाचायला घेणं म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणं, म्हणून कुणी वाचत नसे.

उद्धवरावांनी नियम सांगितला. थकबाकी भरेपर्यंत जामीनदाराला कर्ज नाही. शिवाय पुढच्या पगारापासून भुजंगचा हप्ता मार्तंडकडून कापला जाईल.

"सही करताना इचारलं का त्याला, किती कर्ज हाय म्हनून?"

"इचारलं तर मानसाला राग येतो, साहेब."

"मग आता इचारा. आता काय राग यायचा?"

मार्तंड तसाच भुजंगच्या घरी गेला. त्याची बायको कुसुमबाई दारात सूप घेऊन बसली होती. भुजंग कुठे आहे असं विचारल्यावर तिनं मान वर केली नाही. "तुमाला सापडले तर आमालाबी सांगा," ती म्हणाली. "गिरनीवाल्याचे पैसे द्यायचे राह्यलेत."

राहिले दिनकरराव. ज्या ओट्यावर आता पुन्हा चढायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं, त्याच ओट्यावर तो वसंतपंचमीच्या दोन दिवस आधी जाऊन उभा राहिला. दिनकररावांनी आधी पान लावलं, मग विचारलं, "तुमी तर बिनव्याजी झालाव म्हनं?" पैसे द्यायला त्यांची ना नव्हती. फक्त या खेपेला दोन जामीनदार आणायचे होते. घरी येऊन मार्तंड अंगणात बसून राहिला. बायकोनं, विमलानं, जामिनासाठी कुणाला विचारता येईल त्यांची नावं एकेक करून घेतली. प्रत्येक नावाला तो नाही म्हणून मान हलवत गेला. शेवटी ती म्हणाली, "अक्कांना एकलं सोडू नका. जा."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या पॅसेंजरनं तो पिंगळीला उतरला.

दगडाबाई भाकरी थापत होती. तिनं त्याच्या हातांकडे पाहिलं, मग खांद्याकडे, पिशवी आहे का म्हणून. परातीतला हात थांबला. दाजी मळ्यात होते. पंचफुला शेजारी बांगड्या भरायला गेली होती.

"उद्या सकाळी पेटी उघडतेत," ती म्हणाली.

"मी चोरले म्हनून सांगतो, अक्का."

"चोरले म्हनलास तर फौजदार येईल. मी दिले म्हनलं तर मला म्हायेरी धाडतेल. थोरल्या जावंला शंभर रुपयांपायी धाडलं ह्या घरानं, दोन वर्सं आनली न्हाई. कोनतं बरं, तूच सांग."

तव्यावरची भाकरी करपली, तिनं ती उतरवून गाईसाठी बाजूला ठेवली.

दिवेलागणीला बन्सीधरराव आले. पाय धुतले, पाव्हण्याची विचारपूस केली, पाटावर बसले. मार्तंडनं त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं: दिनकरराव, सिताराम, पेटी, भुजंग. बहिणीनं नको म्हटलं होतं, आपणच गळ घातली, असंही सांगितलं. ते खरं नव्हतं. दगडाबाई चुलीकडे तोंड करून बसली होती. तिची पाठ हलत नव्हती.

बन्सीधररावांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

"व्याज किती लावलं हिनं?" त्यांनी विचारलं.

"न्हाई लावलं, दाजी."

त्यांनी मान डोलावली. मग सावकाश सांगितलं, लग्न मोडणार नाही. सराफ ओळखीचा आहे, सोनं उधारीवर देईल. त्याचं व्याज मार्तंडनं महिन्याच्या महिन्याला पोचवायचं, मुद्दल कर्ज निघेल तेव्हा. आवाज चढला नव्हता. दगडाबाईनं श्वास सोडलेला मार्तंडला ऐकू आला. ती ताट वाढायला उठली.

बन्सीधररावांनी तिच्यापुढे तळहात धरला.

"चावी."

तिनं कमरेची चावी सोडून दिली. त्यांनी ती आपल्या करगोट्याला बांधली, गाठ ओढून पाहिली आणि ताट जवळ घेतलं.

मार्तंड रात्री तिथेच राहिला. सकाळी चहा ठेवताना साखर संपलेली निघाली. बन्सीधरराव ओट्यावर दात घासत बसले होते. दगडाबाई त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. तिचं तोंड दोनदा उघडलं, पण आवाज आला नाही. या घरात पैसे कसे मागायचे, ते तिला कधी शिकावंच लागलं नव्हतं.