साडेअडतीस सेंटिमीटर

बुधवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मी पस्तीस दिवसांच्या लारासच्या डोक्याभोवती फिरले आणि सदतीस सेंटिमीटर दाखवले. ते माप चुकीचे होते.

मित्रांनो, मी एक जुनी शिंप्याची टेप आहे. कापडावर पिवळा लेप देऊन, वर काळे आकडे छापून मला तयार केले. जावातल्या या डोंगराळ गावात मी आले ती सुमिराह आजींच्या शिवणयंत्राशेजारी. गावात सगळे त्यांना म्बाह, म्हणजे आजी, म्हणतात. अकरा वर्षे मी त्यांच्या गळ्यात होते. लग्नातले झगझगीत केबाया, म्हणजे बायकांचे अंगाला घट्ट बसणारे अंगरखे, माझ्या मापाने शिवले गेले. बायका आरशासमोर वळून वळून बघत आणि म्हणत, "म्बाह, तुमचं माप म्हणजे माप!"

पण इस्त्रीच्या वाफेने आणि रोजच्या ओढाताणीने मी हळूहळू ताणले गेले. आकडे एकमेकांपासून दूर सरकले. मी मोठ्या वस्तूला लहान सांगू लागले. कापडावर आखणी लाकडी गजाने होई, म्हणून केबायाची बटणे लागेनात. "अगं, तूच सुटलीयेस," असे म्हणून आजींनी दोन गिऱ्हाइके परत पाठवली. तिसऱ्या वेळी मात्र त्यांनी नवी टेप आणली. मी फेकण्याजोगी वाटले नाही. त्यांनी माझे उसवलेले टोक लाल दोऱ्याने शिवले आणि मला पोस्यांदूत देऊन टाकले. पोस्यांदू म्हणजे महिन्यातून एकदा गावच्या सभागृहात भरणारे बाळांचे वजनमाप. "पोरांची डोकीच मापायचीत, केबाया थोडाच शिवायचाय," आजी तेव्हा म्हणाल्या होत्या.

त्याला चौदा महिने झाले. मी खिळ्याला लटकत राहिले. कोणी मला तपासले नाही.

लारास ही आजींच्या लेकीची, विनार्तीची मुलगी. गर्भात पहिल्याच महिन्यात मिटायला हवी ती कण्याची नळी तिच्या कमरेपाशी उघडीच राहिली होती. सोनोग्राफी झाली नव्हती, म्हणून जन्मापर्यंत कोणाला कळले नाही. जन्मली तेव्हा पाठीवर पाण्याची पातळ पिशवी होती. शहरातल्या डॉक्टरांनी तिसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया करून पाठ बंद केली. एकविसाव्या दिवशी घरी सोडताना त्यांनी डोके मापून कार्डावर छत्तीस लिहिले. अशा बाळांच्या मेंदूत पाणी तुंबू शकते, ते म्हणाले. दोन आठवड्यांनी गावात माप घ्या. दोन सेंटिमीटरच्या वर वाढले असेल तर त्याच दिवशी परत आणा.

म्हणून बुधवारी सगळे माझ्यावर अवलंबून होते.

"सदतीस!" स्वयंसेविका कासिनाहबाई म्हणाल्या. त्यांनी कार्डावर हिरव्या पट्ट्यात ठिपका दिला. "एकच वाढलंय. विनार्ती, आता तरी हस की! जा, मुगाची खीर घे. आज नारळाचं दूध दाट आहे."

विनार्ती हसली. महिनाभरात पहिल्यांदाच. मला ते बघवेना. मला आवाज असता तर मी किंचाळले असते.

आजी हलल्या नाहीत. त्यांच्या हातात लोकरीची टोपी होती. "मग ही का बसत नाही? पोरगी घरी आली तेव्हा कानांखाली येत होती. आता वरच अडकते."

"म्बाह, लोकर आहे. धुतली की आटते. शिंपीणबाईंना हे मी सांगायचं?"

"धुतलीच नाही अजून. आणि पस्तिसाव्या दिवसाचं जावळ आज पहाटेच काढलंय. केस गेल्यावर टोपी ढिली होते, कासिनाह. घट्ट कशी होईल?"

मागच्या बायका कुरकुरू लागल्या. "आजी, खीर गार होतेय!" कोणीतरी ओरडले. तेव्हा आजींची नजर माझ्या टोकावरच्या लाल दोऱ्यावर गेली. त्यांनी मला उचलले.

"ही माझी टेप आहे," त्या म्हणाल्या. "ताणलेली होती. मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी दिली."

बाळांची उंची मोजायची लाकडी पट्टी टेबलावर होती. आजींनी मला तिच्यावर सरळ पसरले. माझा सदतीसचा आकडा लाकडाच्या साडेअडतीसवर येऊन थांबला. म्हणजे वाढ अडीच सेंटिमीटरची होती.

लस टोचणाऱ्या नर्सबाई हस्तुती धावत आल्या. त्यांनी लारासच्या टाळूवर बोट ठेवले. बाळ रडत नसतानाही टाळू ताणून वर आली होती. बुबुळे खाली झुकली होती. दोन्ही आत पाणी तुंबल्याच्या खुणा होत्या.

"उलट्या झाल्या?"

"पहाटेपासून दोन," विनार्ती पुटपुटली. "मला वाटलं, दूध जास्त झालं."

"आत्ता निघायचं. लस आणणारी गाडी बाहेर उभी आहे. कपडे घ्यायला थांबू नकोस."

"आई, तू चल ना."

"गाडीत तुम्हा दोघींपुरतीच जागा आहे. जा. आणि तिथे सगळ्यांना सांग, चूक माझी आहे. तुझी नाही."

दहा वाजून पाच मिनिटांनी गाडी घाट उतरू लागली.

मित्रांनो, मोजणाऱ्या वस्तू म्हाताऱ्या होतात आणि त्यांचे म्हातारपण दिसत नाही. मला वर्षातून एकदा लाकडी पट्टीवर ठेवून पाहिले असते तर तेवढे पुरले असते. जी टेप केबायाला चालत नाही, ती बाळाला चालणार नाही.

पुन्हा कोणी वापरू नये म्हणून नर्सबाईंनी मला गाठ मारून नोंदवहीत ठेवले आहे. वहीत मी मापलेली एकसष्ट बाळे आहेत. दुपारपासून त्या एकेकाला परत मापायला बोलावत आहेत. आतापर्यंत एकोणीस आली.

सायंकाळी पाच वाजता विनार्तीचा फोन आला. टाळूवर यंत्र ठेवून डोक्याच्या आतले चित्र काढायचे आहे. लारासच्या आधी आणखी दोन बाळे आहेत. ती डोळे उघडत नाही.

आजी सभागृहाच्या पायरीवर बसल्या आहेत. टोपी त्यांच्या मांडीवर आहे. पाचनंतर काही कळलेले नाही.